अडुसष्टच्या वर

थर्मामीटर नदीत बुडवायला ऑर्व्हल टीग वाकला आणि नेमका त्याच वेळी समोरच्या काळ्या खडकाखाली मासा वर आला. पाण्यावर नुसतं नाक दिसलं, एक वलय उमटलं, मिटलं. पण ऑर्व्हलने नाकावरून ओळखलं. तीन उन्हाळे त्याला हुलकावणी देणारा तपकिरी ट्राउट. हाच तो.

थर्मामीटर पाण्याच्या वीतभर वर थांबला.

दुपारचे दोन वाजून गेले होते. सेजच्या झुडपांचा कडवट वास उन्हाबरोबर घशात उतरत होता. पाणी अडुसष्ट अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की गळाचा दोर गुंडाळायचा आणि घरी जायचं, हा नियम ओवायही नदीवर त्यानेच घालून दिला होता. कोमट पाण्यात ट्राउटला श्वास पुरत नाही. गळाशी झुंजून दमला की मग सोडून दिला तरी मरतो. थर्मामीटर बुडवला असता तर आकडा दिसला असता, आणि आकडा दिसला असता तर जावं लागलं असतं.

ऑर्व्हलने थर्मामीटर गळ्यातल्या दोरीला तसाच लोंबकळू दिला आणि गळाची काठी उचलली.

पहिल्याच फेकीत गळावरची पिसांची नकली माशी खडकाच्या कडेला उतरली. माशाने ती घेतली. दोर केसासारखा बारीक, ओढाताण करायची सोय नव्हती. मासा तळाला गेला, वर आला, पुन्हा गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधराच्याही पुढे गेली. दोर तोडून त्याला मोकळं करायला एक झटका पुरला असता. ऑर्व्हलने तो दिला नाही.

जाळीत घेतला तेव्हा मासा हातभर लांब भरला. अंगावर तांबडे ठिपके. गळ सहज निघाला. ऑर्व्हलने त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, तोंड धारेकडे करून. हात जरा सैल केले की मासा कुशीवर कलंडत होता.

"काय मास्तर, मोठं घबाड दिसतंय!"

काठावर मायते एलोर्डी उभी होती, खांद्याला गळाची काठी. अर्ध्या तालुक्याला गळ टाकायला ऑर्व्हलने शिकवलं होतं, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मायते बारा वर्षांची असताना शिकली, आता तिशीला आली होती. गेल्या शनिवारी पुलाजवळच्या कॅफेत, दहा माणसांसमोर, ऑर्व्हल तिला म्हणाला होता, "दुपारी तीन वाजता मासे धरत होतीस म्हणे. माशाचं वीतभर पिल्लू मारलंस. लाज वाटत नसेल तर ती काठी मोड आणि चुलीत घाल." मायते पुढ्यातला केक अर्धा टाकून उठून गेली होती.

आता ती काठी खाली ठेवून बुटांसकट पाण्यात उतरली आणि तिने माशाच्या पोटाखाली हात घातला.

"सावकाश. कल्ले हलतायत अजून."

"हलतायत."

"किती वेळ झुंजला?"

"फार नाही."

"पाणी मोजलंत?"

"चौसष्ट," ऑर्व्हल म्हणाला. विचार करायच्या आत शब्द बाहेर पडला होता.

मायतेचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता. तो तिने तसाच ठेवला. मग ऑर्व्हलच्या छातीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं आणि पुन्हा माशाकडे.

"असेल," ती म्हणाली. "इथे खडकाखाली गार झरा असेल."

ऑर्व्हल त्या खडकापाशी चाळीस वर्षं येत होता. तिथे झरा नव्हता. मायतेलाही ते ठाऊक होतं. तिने शनिवारचे त्याचे शब्द त्याच्याच तोंडावर मारले असते तर बरं झालं असतं. निदान तिच्यावर खेकसता आलं असतं. तो माशाकडे बघत राहिला.

माशाने शेपूट हलवली. एकदा, दोनदा. मग तो हातातून सुटला आणि वाकडातिकडा पोहत गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

"गेला!" मायते म्हणाली. "काय धूड होतं हो, मास्तर! कॅफेत सांगू ना?"

"नको."

"अहो, तीन वर्षं पाठीस लागला होतात त्याच्या."

"नको म्हणतोय ना!"

मायतेने हात पँटला पुसले आणि आपली काठी उचलली. "बरं, येते मी. गाडी खालच्या वळणावर आहे."

"खालून नको जाऊस. वरच्या वाटेने जा. खडकांत साप असतात."

"सापांना माझे बूट ओळखीचे आहेत," ती म्हणाली आणि काठाकाठाने खाली निघाली.

ऑर्व्हल गुडघाभर पाण्यात उभा राहून तिच्याकडे बघत होता. वळणापाशी पाणी उथळ होतं. तिथे ती थांबली. दोन गोट्यांमध्ये काहीतरी पांढरं अडकलं होतं, उलट्या पडलेल्या माशाच्या पोटासारखं. ती चटकन त्याच्या आणि ऑर्व्हलच्या मध्ये येऊन पाठमोरी उभी राहिली. तिने काठीचं टोक खाली नेलं, ते पांढरं हळूच सोडवलं आणि ढकलत ढकलत धारेला लावलं. ते वळणापलीकडे वाहून जाईपर्यंत ती हलली नाही.

मग ती वळली आणि निरोप घ्यायचा राहून गेला होता अशा थाटात तिने हात वर केला.

ऑर्व्हलनेही केला. हातात थर्मामीटर होता. तो केव्हा मुठीत धरला, त्याला कळलं नव्हतं. उन्हाने तापला होता आणि अजून कोरडा ठणठणीत होता.