न पडणारं घर

पर्यटन जपून कसं वाढवावं हे मुलांना शिकवायला मॅडमनी स्वतः एक गेम तयार केला होता. समुद्रकाठचं गाव. तिथं हॉटेलं बांधायची, पण विहिरी आटू द्यायच्या नाहीत. एखादं घर पाडलं की त्यातली माणसं आपोआप नव्या वसाहतीत जायची. फक्त किनाऱ्यावरचं एक बुटकं घर, दारात एक बाई उभी असलेलं, काही केल्या पडत नव्हतं.

"मॅडम, तो बग काढला मी," वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी खुशीत म्हणाली. "आता पडतं ते. तिथं पार्किंगपण झालं."

मॅडम उठून तिच्या स्क्रीनपाशी आल्या.

"आणि दारातली बाई?"

"तेवढाच घोळ राहिलाय. तिनं कुठं जायचं ते तुम्ही लिहिलंच नाहीये. त्यामुळे ती तिथंच उभी आहे, गाड्यांच्या मधे. पाठवून देऊ वसाहतीत?"

"नको गं," मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "आमचं किनाऱ्यावरचं घर पाडलं तेव्हा आईला मी फ्लॅटवर आणलं. अजून रोज सकाळी पिशवी भरून बसते, घरी सोड म्हणते."