गाळलेली एक नोंद

"आपली माणसं शहाऐंशी आणि तपासलेल्या नोंदी पंच्याऐंशी?" येशीमबेतने कागद गेतानेच्या टेबलावर आपटला. "एकीला काय पाय फुटले?"

गेतानेने पडद्यावरची नजर हलवली नाही. "चाचणीसाठीचं खोटं नाव असेल, एतिये."

थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एतिये म्हणायचा. ते तिला एरवी आवडायचं. आज नाही आवडलं.

"खोटी नावं मी घालते. हे मी घातलेलं नाही."

पाग्मे महिन्याचा तिसरा दिवस होता. इथल्या पंचांगातल्या या तेराव्या महिन्याचे यंदा सहा दिवस. ते सरले की २००० साल उजाडणार होतं. बाकीच्या जगाने ही धांदल केव्हाच उरकली होती. तेव्हा अदिस अबाबात १९९२ चालू होतं आणि सगळे निवांत कॉफी पीत त्यांची गंमत बघत होते. आता पाळी यांची होती.

कंपनीचं सॉफ्टवेअर चाळीस कार्यालयांत नोकरदारांच्या नोंदी ठेवायचं: नेमणूक, रजा, निवृत्ती. त्यात सालाचे दोनच आकडे होते. ९९ नंतर ०० आलं की म्हातारे तान्हे होणार, म्हणून आता चार आकडे भरायचे होते. तपासणी येशीमबेतकडे होती. सही तिची, आणि चूक निघाली तर नोकरीही तिचीच जाणार. नवरा वारलेला, मुलगी हिरुत डॉक्टरकी शिकत होती, अजून दोन वर्षं बाकी होती. घर या पगारावर चालत होतं.

नव्या आवृत्तीत एक नियम खास तिने घालायला लावला होता. मिशनच्या इस्पितळांच्या जन्मदाखल्यावर फिरंगी साल असायचं, इथल्यापेक्षा सात-आठ वर्षं पुढचं. नुसत्या आकड्यावरून ते कुणाला कळायचंच नाही. गेल्या वर्षी कोठारातल्या देजेनेचं तसंच निघालं. ५२ वर्षांचा म्हणवत होता, निघाला साठीचा, निवृत्तीच्या वयाचा. येशीमबेतनेच पकडलं. तो दारात रडला, तरी ती म्हणाली, "कागद तो कागद." देजेने घरी गेला. आता नवी आवृत्ती प्रत्येक मूळ दाखला बघून साल दुरुस्त करणार होती.

एक सोडून.

तिने आज्ञावली उघडली. मधेच एक ओळ होती: अमुक नोंद सोडून दे. नोंदीचा नंबर वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद. आणि ती उघडायचा परवलीचा शब्द गेतानेकडे.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. गेताने वोलेगा प्रांतातला, मिशनच्या गावातला. दाढी काळी करायचा, तीही धड नाही, कानाजवळ पांढरी राहायची. ती जवळ आली की पडदा बदलायचा. चोर सापडला, असं तिला वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण त्याला काम तिनेच शिकवलं होतं.

दुपारी कॉफी झाली. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिने मुद्दाम वयाचा विषय काढला.

"तू केवढा होतास रे, त्रेपन्न सालच्या ताहसास महिन्यात बादशहाविरुद्ध बंड झालं तेव्हा?"

"जन्मलोही नव्हतो."

"असं म्हणतोस खरं! मला मात्र गोळ्यांचे आवाज अजून ऐकू येतात. तीन वर्षांच्या भावाला पाठीवर घेऊन मी एन्तोतो डोंगराच्या चढावर पळाले. आई मागे राहिली आणि मी पुढे."

"किती वर्षांच्या होतात?"

"सहा."

"सहाव्या वर्षी? एन्तोतोचा चढ?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "दणकट होतात, एतिये."

"होतेच. माझं साल सत्तेचाळीस. आधीच्या सरकारी खात्यात बाबांनी दाखला दिला, ती फाइल तशीच इकडे आली. कधी उघडायची वेळ आली नाही. मी आकडे फिरवत नाही."

गेतानेने कप खाली ठेवला. तिसऱ्या फेरीला तो थांबला नाही. आशीर्वादाचा कप सोडून कुणी उठतं का? मनात काळंबेरं असल्याशिवाय नाही.

ती त्याच्या मागोमाग गेली. "ती ओळ काढ."

"राहू द्या. दोन वर्षांनी मी स्वतः काढतो."

"दोनच वर्षं का?"

तो पडद्याकडे वळला.

"कुणाला वाचवतोयस?"

"एका घराची चूल चालू राहील, एवढंच समजा. पाया पडतो, विचारू नका. तुम्हाला कळलं तर तुम्ही ती ठेवणार नाही."

"देजेनेलाही चूल होती," ती म्हणाली आणि थेट संचालकांच्या खोलीत गेली.

संचालक मेसेलेंची एक शिस्त होती: नवी आवृत्ती आधी आपल्याच माणसांवर चालवायची आणि जो निकाल येईल तो लागू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गेतानेला बोलावून परवलीचा शब्द कागदावर लिहायला लावला. त्याने लिहिला. येशीमबेतकडे मात्र बघितलं नाही.

"ओळ तुम्हीच काढा," मेसेले तिला म्हणाले.

तिने काढली. छपाईयंत्र कुरकुरलं. तपासलेल्या नोंदी शहाऐंशी. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. सही आता बिनधास्त करता येणार होती.

दुसरा कागद आला: वयाची साठी पूर्ण, सेवा या महिनाअखेर समाप्त. खाली एकच नाव. मेसेलेंनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"वाचा ना मोठ्याने," येशीमबेत म्हणाली. "त्याला ऐकू द्या."

मेसेले कागदाची घडी घालायला लागले. शेवटी तिनेच कागद ओढून घेतला आणि गेतानेकडे बघत खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"दाखला मिशन इस्पितळाचा. दाखल्यावरचं साल १९४७, दुरुस्त साल १९३९. वय साठ. नाव, येशीमबेत..."