गरम बडीशेप

रंगनाथच्या खिशातली शंभराची नोट त्याला दुपारभर एका जागी उभं राहू देईना. खानावळीत आजवरची रीत अशी, की बडीशेपेची बशी जो वेटर नेईल, टिप त्याची. आजपासून मालकांनी गल्ल्यावर लोणच्याची रिकामी बरणी ठेवली होती. सगळी टिप त्यात टाकायची आणि वाटा भांडीवालीपासून सगळ्यांना सारखा. "पळापळ आम्ही करायची अन् वाटे सगळ्यांना!" असं पुटपुटत त्यानं वकीलसाहेबांनी बशीत ठेवलेली नोट गुपचूप खिशात सारली होती.

पाणी प्यायला तो आत गेला. भाकरी थापणाऱ्या हौसाबाईंनी हात थांबवून विचारलं, "रंगाभाऊ, आज बडीशेप मी भाजलीया. आता टिपंत आमचा बी वाटा हाय न्हवं! कुणाला आवडली का वो?"

"वा, अजून गरम आहे!" म्हणून वकीलसाहेब खूश झाले होते. एरवी दहा रुपये ठेवणाऱ्या त्या माणसानं आज शंभर ठेवले होते.

"कुणी काही बोललं नाही," रंगनाथ म्हणाला.

"असू द्या. उद्या जरा ओवा टाकून बघते."

पाण्याचा भरला तांब्या तसाच ठेवून तो तरातरा गल्ल्यावर गेला आणि त्यानं नोट बरणीत कोंबली.

"कुठल्या टेबलाची रे?" मालकांनी विचारलं.

"टेबलाची नाही," आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात रंगनाथ ओरडला, "चुलीची!"