बाबांचा शेवटचा पंख

बाबांना जाऊन तीनच दिवस झाले होते. त्यांच्या मॉडेल विमानांच्या क्लबचे सेक्रेटरी सांत्वनाला आले आणि चहा संपायच्या आत बाबांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. थर्मोकोल कापून, वर फायबरचं कापड चिकटवून बाबांनी केलेला पंख त्यांनी उचलला आणि कलिंगड पारखावं तशा त्यावर टिचक्या मारल्या.

"भक्कम आहे! रविवारी स्वतः बनवलेल्या विमानांची स्पर्धा आहे, माझ्या विमानाला लावतो. तुला काय पोरी, अडगळच ना?"

पंखाच्या कडेला बाबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. सेक्रेटरींनी डोळे किलकिले केले.

"चष्मा विसरलो बघ. स्वतःचं नाव घातलंय होय त्याने?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी अंगठा जिभेवर ओला केला आणि ती अक्षरं घासून काढली. पांढऱ्या पंखावर थुंकीचा राखाडी ओघळ उरला.

"नावच होतं ना? की काही कामाचं?"

"नावच होतं, काका."

बाबांनी लिहिलं होतं, 'आतली कार्बनची दांडी घालायची राहिली आहे. उडवू नये, हवेत मोडेल.'