उलटी कमान

निजामाच्या हैदराबादेत चित्रं काढणारा वैजीनाथ वालूरला घरी आला, तेव्हा त्याची माय धुरपदाबाई घर सारवत होती. त्यानं भीतभीतच चित्र उलगडून तिच्यापुढं धरलं. त्यात ना माणूस, ना झाड. नुसत्या एकीला एक खेटून कमानी.

"हैदराबाद हाय, माय. कोपऱ्यातली ही बारकी कमान तेवढी उलटी वळलीय. सगळे म्हणतात, पुसून टाक. पण हातच धजत न्हाई."

धुरपदाबाई हसली. तिच्या तळव्यामागं जमिनीवर शेणाचे ओले अर्धगोल उमटले होते, एकाला एक खेटून.

"मी तापानं पडले व्हते, तवा तू सारवलं व्हतंस. इवलासा व्हतास, त्यात डावरा; समदे अर्धगोल उलटे वळले व्हते. त्यावर सारवायला माझाबी हात लय दिस धजला न्हाई."