चिंचोक्यांची वाटी

"हरलं की दुप्पट लावायचं, आत्या. एकदा लागलं की सगळं वसूल. एकदम पक्का हिसाब है!" बिजौलीच्या कारखान्यातला पगार मोबाइलवरच्या कॅसिनोत लावायला निघालेला सुबोध म्हणाला.

आत्याने चिंचोक्यांनी काठोकाठ भरलेली वाटी त्याच्यापुढे सरकवली. एक चिंचोका मधोमध फोडून फासा केला. एक बाजू काळी, एक पांढरी.

"पांढरं," सुबोध म्हणाला.

काळं पडलं. पुन्हा काळं. पुन्हा. एक, दोन, चार, आठ, मग मूठ, मग ओंजळ. दिवाळीभर खेळून न संपणारी वाटी चहा निवायच्या आत, डोळ्यांदेखत रिकामी झाली.

"पण आता पांढरंच येणार, आत्या!"

"येईल की. लाव."

सुबोधने वाटीत नुसतीच बोटं फिरवली. आत्याने तरीही फासा टाकला.

पांढरं पडलं.