पिंडांचा मध

“गोत्र कोणतं म्हणालात?”

ढुंढिराज गुरुजींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. देवव्रतनं आईकडे पाहिलं. मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर दुपार कलली होती आणि सकाळी सुरू व्हायचं श्राद्ध अजून अर्ध्यावरच होतं. दोष कुणाला द्यायचा? मायलेक कराडहून निघालेले, गाडी रखडलेली. “स्टेशनवर उतरलो, पोचलोच,” असा देवव्रतचा फोन आला तेव्हा गुरुजींनी दूधविनायकातल्या घरी नेहमीसारखं इन्सुलिन टोचून घेतलं. काम आटपेल तोवर ताट वाढलेलं असेल, असा त्यांचा अंदाज. पण पोचलोच म्हणणारी माणसं गर्दीतून घाटावर यायला किती वेळ लावतात, हे काशीत जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

त्यात वडिलांचं करता करता मुलाला एकेक आठवायला लागलं. “मामा राहिले. आणि एक चुलत आत्या.” जिवंतपणी ज्यांना दिवाळीला फोनसुद्धा जात नाही, त्यांची गंगा दिसली की आठवण येते. गुरुजी एकेकाचा पिंड मांडत होते, नाव घेत होते. लोकांच्या मेलेल्यांची नावं घेऊन त्यांचं तोंडच दमलं होतं.

सुरुवातीला शरदिनीबाईंनी, म्हणजे देवव्रतच्या आईनं, विचारलं होतं, “हे सगळं ह्यांना पोचतं ना हो?”

“पोचतं,” गुरुजी दर्भ निवडता निवडता म्हणाले होते. दुकानदारानं भाव सांगावा तसं, वर न बघता.

“आणि चहा?”

“काम पुरं होईतो तुम्ही नाही, मी नाही. कुणीच नाही.”

साखर उतरली की पूर्वी अंगच सांगायचं. तळवे भिजायचे, छातीत धडधड व्हायची, हात कापायचे. डॉक्टर म्हणाले होते, शरीर तेव्हा एक हार्मोन सोडतं, ती धोक्याची घंटा. पण सारखी वाजून वाजून घंटाही थकते. मग एक दिवस साखर उतरते आणि ती वाजतच नाही. “म्हणजे तीही रिटायर झाली म्हणायची,” गुरुजी हसले होते. त्यांच्या बायकोला, गीताला, हसू आलं नाही. तिनं त्यांच्या कुर्त्याच्या खिशात खडीसाखरेची पुडी ठेवायला सुरुवात केली. कुर्ता आत्ता घरी खुंटीवर होता. सोवळ्याला कुठला आलाय खिसा!

आत्ताही काही वाजलं नाही. फक्त थकवा होता, आणि थकवा तर रोजचाच. पलीकडे रामनगरचा काठ हात लावावा इतका जवळ दिसत होता.

“जल्दी असेल तर कराडलाच उरकायचं होतं,” ते अचानक खेकसले.

देवव्रत काहीच बोलला नव्हता.

मग आठव्या वर्षी पाठ झालेला मंत्र मध्येच अडला. गुरुजींनी तो मागून पुन्हा उचलला. तिथेच अडला. आता मात्र ते घाबरले. खिसा शोधणारा हात नुसताच सोवळ्यावरून घसरला. साखर, एवढंच म्हणायचं होतं. जीभ वळेना.

“इथे भांग घेतात म्हणे,” देवव्रत आईच्या कानाशी पुटपुटला.

“भांग नाही ती.”

शरदिनीबाई गुडघे धरत उठल्या. गुरुजींसमोर बसून त्यांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पिंडांवर वाहायच्या मधाची वाटी उचलली, बोट बुडवलं आणि त्यांच्या गालाच्या आतून फिरवलं.

“आई, काय करतेस? तो बाबांचा मध आहे.”

“माहीत आहे मला.” त्यांनी पुन्हा पुन्हा बोट बुडवलं. “गिळा गुरुजी. हळूहळू गिळा.”

आधी चव आली. मग तिळांचा वास, मग नदीचा आवाज, मग समोरच्या बाईचा चेहरा. सगळ्यांत शेवटी लाज. अर्ध्या श्राद्धात पितरांचा मध आपण खाल्ला. गल्लीत कळलं तर उद्यापासून कोण बोलावणार?

“चूक झाली,” ते म्हणाले. “सगळं उष्टं झालं. पुन्हा मांडावं लागेल.”

“मांडू. आधी जरा बसून राहा.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“साखर उतरली की हेही आधी असेच खेकसायचे.” शरदिनीबाईंनी हनुवटीनं मधला पिंड दाखवला. “त्या दिवशीही खेकसले असतील. ऐकायला घरात कुणी नव्हतं. मी भाजी आणायला गेले होते.”

त्यांनी पदराला बोट पुसलं. वाटी मात्र हातातच राहिली होती. तळाशीसुद्धा काही उरलं नव्हतं.

देवव्रत उठला. “मी दुसरा मध घेऊन येतो. बाबांना असं कोरडंच कसं...”

गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

“बाकीच्यांसाठी आण,” ते म्हणाले, आणि शरदिनीबाईंकडे वळले. “त्यांचा पोचला, ताई.”